किंगफिशर की इंडिगो?

प्रश्न : इथल्या कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात) व्हाइटफ्रायर्स या ब्रिटिश काच कारखान्याची साडेसात इंची निळी फुलदाणी घेतली. अंगावर झाडाच्या सालीसारखी नक्षी आहे. विकणारे गृहस्थ रंग ‘किंगफिशर’ म्हणाले. खिडकीत ती निळी दिसते, संध्याकाळी दिव्याखाली मात्र जांभळट-करडी. शिवाय घरात ‘टँजरीन’ (नारिंगी) रंगाच्या दोन आहेत, एक पिवळट, दुसरी लालसर. त्यातली एक नकली असेल का?
– एक वाचक, हॅरो, लंडन

उत्तर : ताई, तुमची निळी फुलदाणी मला इंडिगो वाटते. किंगफिशरच्या निळ्यात हिरव्याची झाक असते आणि दिवा बदलला तरी ती पुरती जात नाही. जांभळटपणा तुम्हाला दिसला, तो इंडिगोचा. व्हाइटफ्रायर्सचे डिझायनर जेफ्री बॅक्स्टर यांची ही नक्षीदार मालिका 1967 मध्ये आली तेव्हा रंग तीनच होते : सिनॅमन, इंडिगो आणि विलो. किंगफिशर, टँजरीन आणि मेडो ग्रीन 1969 मध्ये आले. पुष्कळ विक्रेते निळं दिसलं की किंगफिशर म्हणून मोकळे होतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. इंडिगो हा स्वतःच्या तोलाचा रंग आहे.

तरी खात्री करून घ्या. फुलदाणी दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नाही, पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वरून काठाकडे पाहा. आत रंगीत काच आणि बाहेरून बिनरंगी काचेचा थर असतो. रंगाचा थर जिथे जाड, तिथे रंग गडद. विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं की रंगहीन आणि वरून डोकावलं की हिरवं दिसतं ना, तसंच. म्हणून रंग जुळवताना एकीचा तळ दुसरीच्या काठाशी लावू नका. काठ काठाशी, तळ तळाशी, आणि शक्यतो एकाच उंचीच्या फुलदाण्या घ्या. मोबाइलच्या फोटोवरून तर ठरवूच नका. कॅमेरा पांढरा रंग आपल्या मर्जीने ठरवतो आणि निळ्यावर त्याचा परिणाम लगेच होतो.

आता टँजरीन. रंग वेगळा एवढ्यावरून नकली ठरवू नका. अशा नारिंगी-लाल काचेत सहसा कॅडमियम आणि सेलेनियम असतं आणि खरा रंग काच पुन्हा तापवल्यावर चढतो. भट्टीपाशी ताव कमी-जास्त झाला की एक पिवळट राहते, दुसरी लाल होते. दोन्ही अस्सल असू शकतात. संशय असेल तर सालीची नक्षी पाहा. बॅक्स्टर यांनी सुरुवातीच्या साच्यांत झाडाची खरोखरीची साल लावली होती, त्यामुळे रेघा एकसारख्या नसतात : मध्येच तुटतात, एखादी दुसरीत घुसते. बोट फिरवलं तर खाचा कळतात. साचा झिजला की त्या बोथट होतात, म्हणून निव्वळ बोथटपणाही पुरावा नाही. बँजो आणि ड्रंकन ब्रिकलेयर या आकारांच्या नकला मात्र बाजारात पुष्कळ आहेत. ते घेताना जास्त सावध राहा.

तुम्ही राहता त्याच हॅरोतल्या वील्डस्टोनमध्ये 1923 पासून 1980 पर्यंत व्हाइटफ्रायर्सची भट्टी चालली. हेडस्टोन मॅनर संग्रहालयात तिची काच आहे. तिथे रंग पाहताना कपाटातल्या दिव्यांचा उजेड वेगळा असतो, हे ध्यानात ठेवा. एकाच कपाटात दोन निळे शेजारी असतील तर त्यांच्यातला फरक मनात धरा आणि घरी आल्यावर आपली फुलदाणी पुन्हा खिडकीशी न्या.