रेझिस्टंट इन्फेक्शनमध्ये मिरी-हळदीने अँटिबायोटिकची ताकद वाढते का?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या युरिन कल्चरमध्ये ई. कोलाय हा बॅक्टेरिया आलाय, बऱ्याच औषधांपुढे आर (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू पडत नाही) लिहिलंय, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की गोळीसोबत मिरी-हळदीचा काढा दिला की तीच गोळी परत लागू पडते. काढ्याच्या भरवशावर राहू नका, हे आधी सांगतो. पण सांगणारा अगदीच हवेत बोलत नाहीये.

मी मायक्रोबायोलॉजीवाला, एमएस्सीला माझं प्रोजेक्ट याच विषयावर होतं, काळ्या मिरीतलं पायपरिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक, स्टॅफिलोकोकस (स्टॅफ) या बॅक्टेरियावर. ९६ खळग्यांची प्लेट असते, एका बाजूने सिप्रो कमी कमी करत जायचं, दुसऱ्या बाजूने पायपरिन, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं आणि सकाळी रेझाझुरिन डाय टाकायचा, बॅक्टेरिया जिवंत असतील तर गुलाबी होतो नाहीतर निळाच राहतो. नुसत्या सिप्रोच्या रांगेत जिथे गुलाबी होतं तिथेच शेजारच्या पायपरिनवाल्या रांगेत निळं दिसलं, तेव्हा मी लॅबमधूनच गाईडना फोन केला होता.

होतं काय, की होडीत शिरलेलं पाणी उपसून टाकावं तसा हा बॅक्टेरिया आत आलेलं औषध बाहेर उपसतो, त्यासाठी त्याच्याकडे नॉर-ए नावाचा पंप आहे आणि पायपरिन तो पंप अडवतं. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या लोकांनी हे २००६ मध्ये छापलं होतं. त्याच्याही आधी, २००० साली, अमेरिकेत दारुहळदीच्या (ही आपली स्वयंपाकातली हळद नव्हे) जातकुळीतल्या एका झुडपात त्याहून भारी गोष्ट सापडली. त्यातलं बर्बेरिन बॅक्टेरियाला मारू शकतं पण एकटं असलं की पंप त्याला बाहेर फेकतो, म्हणून ते झाड सोबत दुसरं एक रसायन बनवतं जे स्वतः काहीच मारत नाही, फक्त पंप बंद पाडतं. मला आजही हे वाचताना त्या झाडाचं कौतुक वाटतं.

आता तुमच्या आईंचं. नॉर-ए हा स्टॅफचा पंप, ई. कोलायचे पंप वेगळे आणि वर त्याला एक जास्तीचं बाहेरचं आवरण असतं ज्यातून बऱ्याच गोष्टी आत जातच नाहीत. शिवाय रिपोर्टमध्ये ईएसबीएल (अँटिबायोटिक तोडणारं एन्झाइम) असेल तर तो बॅक्टेरिया औषध उपसत बसत नाही, एन्झाइमने तोडूनच टाकतो, मग पंप बंद करून उपयोग काय? आणि प्रमाणाचं बघा, पायपरिन पाण्यात नीट विरघळतही नाही, आम्ही डीएमएसओ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचो, प्लेटमध्ये जेवढं टाकायचो तेवढं काढा पिऊन रक्तात येत नाही. सर्पगंधेतलं रेसरपिनसुद्धा प्लेटमध्ये पंप छान अडवतं, पण त्यासाठी लागणारा डोस माणसाला सोसत नाही म्हणून ते तिथेच अडकलं.

माणसांपर्यंत पोचलेलं एक उदाहरण आपल्याकडचंच आहे, टीबीची रिसोरिन कॅप्सूल. त्यात १० मिलिग्रॅम पायपरिन घालून रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणलंय, पण तिथे मुख्य काम औषध रक्तात जास्त पोचवायचं. हाच गुण उलटतोही, फिटची फेनिटोइन किंवा बीपीची प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर त्यांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. जेवणातल्या चिमूटभर मिरीची सहसा काळजी नसते, पण पायपरिनच्या कॅप्सूल आणल्या असतील तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

आहे तोच रिपोर्ट परत एकदा हातात घ्या आणि नायट्रोफ्युरँटोइन, फॉस्फोमायसिन या अँटिबायोटिकांपुढे एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध लागू पडतं) आहे का बघा, इन्फेक्शन मूत्राशयापुरतं असेल तर अशा केसेसमध्ये बऱ्याचदा हीच चालतात, मात्र किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. आणि आईंना थंडी वाजून ताप, उलट्या किंवा एका बाजूला कंबरेच्या वर दुखत असेल तर इथल्या उत्तरांची वाट बघू नका, आजच दवाखान्यात न्या.