टोटल दर वेळी वेगळं का येतं?

प्रश्न: आमच्या होलसेल दुकानाचं बिलिंग पोस्टग्रेस डेटाबेसमधे आहे, लाखो ओळी आहेत, रकमेचा कॉलम डबल प्रिसिजन (दशांश आकडे अंदाजे साठवणारा टाइप). तीच क्वेरी, तोच डेटा, तरी सम केलं की शेवटचे आकडे कधीकधी बदलतात. डेटाबेस बिघडलाय का?

उत्तर: नाही हो, डेटाबेस ठणठणीत आहे, कॉलमचा टाइप चुकलाय. डबलमधे आकडा बायनरीत (फक्त 0 आणि 1 वापरून) बसतो आणि 0.1 बायनरीत पूर्ण मावतच नाही, जसं एक भागिले तीन दशांशात कधी संपत नाही, म्हणून 0.1 दहा वेळा मिळवा, 0.9999999999999999 येतं. त्यात बेरजेचा क्रम बदलला की उत्तर पण बदलतं. 1 च्या पुढे 16 शून्यं असलेला आकडा घ्या, त्यात 1 मिळवा आणि तोच मोठा आकडा वजा करा, उत्तर शून्य! आधी वजा करून मग 1 मिळवला तर 1. पोस्टग्रेस 9.6 पासून मोठ्या टेबलवर बेरीज अनेक वर्कर्समधे (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेसेसमधे) वाटून देऊ शकतो, कुणाच्या वाट्याला कुठल्या ओळी येतील ते ठरलेलं नसतं, तुमचा घोळ बहुतेक तिथेच आहे.

पैशाला फ्लोट (म्हणजे डबलसारखे अंदाजे टाइप) लावूच नका, प्लीज. अल्टर टेबल कमांडने कॉलम न्यूमेरिक(14,2) करा, म्हणजे दोन दशांशांपर्यंत अचूक साठवणारा टाइप, बेरीज थोडी स्लो होईल पण पैसा न पैसा जुळेल. नुसतं राउंड करून भागणार नाही, डबलवर दोन दशांशांचं राउंड पोस्टग्रेस घेतच नाही, एरर देतो. एस्क्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमधे मात्र टाइप डेसिमल लिहिला तरी दशांश रक्कम आत फ्लोट म्हणूनच बसते, तिथे सरळ रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून इंटिजरमधे (पूर्णांकात) ठेवा.