गुडघ्याच्या वाटीचा सांधा आणि अर्धवट सांधेबदल

प्रश्न : सपाट रस्त्यावर कितीही चालले तरी काही होत नाही, परंतु जिना उतरताना गुडघ्यात पुढच्या बाजूला कळ येते. उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये झीज दिसली नाही. मग दुखते कशाने?

उत्तर : गुडघ्यात आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा असे तीन कप्पे असतात. सपाटीवर चालताना गुडघा थोडाच वाकतो, म्हणून तिसऱ्या कप्प्यावर ताण कमी पडतो. जिन्यावर मात्र वाटी मांडीच्या हाडातील खाचेवर वजनाच्या सुमारे तिप्पट जोराने दाबली जाते. समोरून काढलेल्या चित्रात वाटी हाडावरच पडलेली दिसत असल्याने ही झीज लपून राहते. गुडघा वाकवून 'स्कायलाइन' एक्स-रे काढून घ्यावा; त्यात वाटी आणि खाच यांच्यामधली काळी फट, बहुधा बाहेरच्या बाजूला, बुजलेली आढळते.

प्रश्न : फक्त वाटीचा सांधा बदलायचा आणि पुढे पूर्ण गुडघा बदलायची वेळ यायची, त्यापेक्षा आत्ताच पूर्ण का नको?

उत्तर : शंका रास्त आहे. या शस्त्रक्रियेत खाचेवर धातूचे पातळ आवरण आणि वाटीच्या मागे प्लास्टिकची चकती बसवतात; उरलेली कूर्चा, गाद्या आणि अस्थिबंध शाबूत राहतात, त्यामुळे गुडघा बराचसा आपलाच वाटतो. ती पुढे अपुरी पडते ती बहुतेक वेळा उरलेले दोन कप्पे झिजल्यामुळे, आणि तेव्हा पूर्ण सांधेबदल करता येतो. माझ्या मते खरा प्रश्न निवडीचा आहे. खाच जन्मतःच उथळ असलेल्यांना हिचा चांगला लाभ होतो. दुखणे नेमके कुठे आहे हे ज्यांना बोटाने दाखवता येत नाही, त्यांच्या बाबतीत मी घाई करीत नाही. त्याआधी काही महिने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे मनापासून करून पाहिलेले असावे.

प्रश्न : मला आमवात आहे. हीच शस्त्रक्रिया चालेल का?

उत्तर : सहसा नाही. आमवात संपूर्ण सांध्याच्या अस्तरालाच धरतो, एका कप्प्यापुरता थांबत नाही.

प्रश्न : नंतर गुडघे टेकता येतील का?

उत्तर : टेकल्याने कृत्रिम भागाला सहसा इजा होत नाही, परंतु व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर राहत असल्याने ते अनेकांना नकोसे वाटते. जाड उशीवर टेकून पाहावे, तेही व्रण पूर्ण भरल्यावर.