मोरोक्कोतल्या बर्बर (उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवासी) टोळ्यांनी परक्या अरबाला आपला प्रमुख का केलं?

प्रश्न इद्रिसी घराण्याबद्दल आहे. इ.स. ७८६ मध्ये मक्केजवळ फख्ख इथे अब्बासी खलिफांच्या सैन्याने पैगंबरांचा जावई अली याच्या वंशजांचं बंड चिरडलं. त्यातून वाचलेला इद्रिस इब्न अब्दुल्ला आपला विश्वासू रशीद याला घेऊन इजिप्तमार्गे मोरोक्कोत, वलीला या जुन्या रोमन गावी पोहोचला. तिथे अवरबा टोळीचं वर्चस्व होतं. तिचा प्रमुख इस्हाक याने त्याला आसरा दिला आणि ७८९ मध्ये टोळीने त्याला इमाम, म्हणजे धर्म आणि राज्य दोन्हींचा प्रमुख, मानलं.

का? बर्बर मुसलमान झाले तरी अब्बासींच्या आधीच्या उमय्या खलिफांचे सुभेदार त्यांना जिंकलेली रयत समजूनच कर वसूल करत, माणसं गुलाम म्हणून नेत. त्यातूनच ७४० चं मोठं बंड झालं होतं. त्यांचा राग इस्लामवर नव्हता, त्या कारभारावर होता. इद्रिस पैगंबरांच्या कन्येच्या वंशातला, शिवाय कुठल्याच टोळीचा नाही. त्याच्यापुढे मान झुकवण्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

७९१ मध्ये त्याचा मृत्यू झाला; अब्बासी खलिफा हारून अल-रशीदच्या हस्तकाने विष दिलं, असं सांगतात. खरी कसोटी इथे लागली, कारण गादीला वारस नव्हता. बर्बर पत्नी कन्झा मात्र गरोदर होती. टोळ्या थांबल्या! मुलगा झाला, त्याचंही नाव इद्रिसच ठेवलं. रशीदने त्याला वाढवलं, कारभार सांभाळला. याच दुसऱ्या इद्रिसने पुढे फेस शहराला राजधानी केलं. माझ्या मते घराण्याची स्थापना ७८९ इतकीच त्या वाट पाहण्यातही आहे.