नजर मनगटावरच का जाते?

प्रश्न : ताई, माझी मैत्रीण ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्माच्या वेळी तिला मुलगा ठरवलं होतं, पण ती स्त्री आहे आणि तशीच जगते. ती घरी येऊन गेली की माझा भाऊ सुरू होतो. मनगटं बघितलीस? कंठमणी दिसतोच. खांदे बघ कसे! तिनं त्याचं कधी काही बिघडवलेलं नाही, आणि एरवी तो भला माणूस आहे. परवा इतक्या उकाड्यातही ती मनगट झाकणाऱ्या बाह्या घालून आली. भावाला हे वेड कशाचं?

उत्तर : समोरचा माणूस बाई की पुरुष, हे आपण नाव कळायच्या आधीच मनात ठरवून टाकतो. कधी हा अंदाज अडखळतो. बहुतेकजण क्षणभर गोंधळतात आणि पुढे बोलायला लागतात. काहींना मात्र तो गोंधळ म्हणजे आपली फसवणूक वाटते. मग ते पुरावे गोळा करत बसतात. तिनं नटावं तर 'नाटकी', साधं राहावं तर 'बाईसारखी राहत नाही'. या तपासणीत तिला पास व्हायची सोयच नसते.

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका गृहस्थांचं त्यांच्या परवानगीनं सांगते. लहानपणी वडील त्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा चालायला लावत. 'बायकी चालतोस, परत चाल.' ट्रान्स स्त्रियांबद्दल तासभर कडवट बोलून झाल्यावर ते एकदम म्हणाले, "मला एवढं टोकलं, मग हिला मोकळीक कशी?" आणि रडले. प्रत्येकाच्या मागे असंच काही असतं असं नाही. काहीजण नुसते चारचौघांत हशा मिळतो म्हणून बोलतात. पण तुमच्या भावाच्या बाबतीत हे एकदा तपासून बघा.

आणि ही नजर ट्रान्स स्त्रियांपाशी थांबत नाही, हे त्याला जरूर सांगा. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो जन्मापासून बाई म्हणूनच वाढली होती. १९८५ मध्ये जपानमधल्या कोबे इथल्या स्पर्धेत तिची गुणसूत्रं तपासली, ती XY, म्हणजे सहसा पुरुषांमध्ये असतात तशी, निघाली. पुरुषी संप्रेरकांचा तिच्या शरीरावर परिणामच होत नव्हता, पण ते ऐकून कोण घेतो? पुढे ही बातमी फुटली आणि पदकं, शिष्यवृत्ती, ठरलेलं लग्न, सगळं गेलं. १९८८ मध्ये तिला पुन्हा धावायची परवानगी मिळाली, पण तोवर उमेदीची वर्षं निघून गेली होती. उंच, रुंद खांद्यांच्या, जाड आवाजाच्या कितीतरी बायका या नजरेखाली वावरतात. मला फार राग येतो याचा.

भावाशी मनगटांवरून वाद घालू नका, तो आणखी चार पुरावे आणेल. 'माझ्या मैत्रिणीच्या शरीराबद्दल माझ्यासमोर बोलायचं नाही,' एवढं स्पष्ट सांगा. तो शांत असेल तेव्हा विचारा, 'ती समोर आली की तुला नेमकं काय होतं रे?'

पण त्याच्याशी नंतर बोला. उकाड्यात लांब बाह्या घालून येणाऱ्या मैत्रिणीला आधी भेटा. तुमच्या घरातलं बोलणं तिच्या कानावर गेलंय का, ते विचारा.