किल्ली कुणाकडे?

ताई, तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला प्राडर-विली सिंड्रोम आहे, म्हणजे भूक कधी भागतच नाही असा जनुकीय आजार. दुपारी तो फ्रिजपुढे लोळण घेतो, हाताची कातडी खरवडून रक्त काढतो, बहिणीला चावतो. ‘त्याला शिस्त कशी लावू?’ असं विचारलंत. दोन पानी पत्रात एक ओळ मात्र घाईत लिहून पुढे गेलात: ‘मी ऑफिसात असते तेव्हा फ्रिजच्या कुलपाची किल्ली मोठीकडे असते, कारण सासूबाईंना त्याला नाही म्हणवत नाही.’

मोठी बारा वर्षांची. म्हणजे आजीला जे जमत नाही, ते या पोरीने रोज एक ते सहा निभावायचं, आणि वर चावे खायचे. तिच्याबद्दल पत्रात दुसरं वाक्य नाही. मला तुमचा राग आला, लपवत नाही.

शिस्तीचं म्हणाल, तर १५व्या गुणसूत्रावरचा वडिलांकडून येणारा एक भाग या मुलांत कामच करत नाही. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ‘पोट भरलं’ हे कळत नाही. शिवाय यांना उलटी सहसा होत नाही, त्यामुळे बकाबका खाल्लेलं जिवावर बेतू शकतं. ही भूक रागावून जाणारी नव्हे. आकांत कमी होतो तो खायला कधी मिळणार हे पक्कं असलं, आणि अधेमधे काही मिळणारच नाही हेही तितकंच पक्कं असलं की. हे दुसरं तुमच्या घरात नाही. किल्ली आपल्या मोठ्या बहिणीच्या खिशात आहे, हे त्याला ठाऊक आहे. दहादा नाही म्हणून अकराव्यांदा ती बिचारी अर्धी पोळी देत असणार. मीही दिली असती.

उद्यापासून किल्ली तुमच्या पर्समध्ये, ऑफिसात. स्वयंपाकघराच्या दारालाही कुलूप; पाणी तेवढं बाहेर. त्याचा एकचा आणि चारचा डबा आहारतज्ज्ञांनी दिलेल्या मापाने भरा, आजी आणि मोठीचाही भरा, आणि सगळे आजींच्या लोखंडी कपाटात ठेवा. तिघांनी एकदमच खायचं. डबे संपले की घरात द्यायला काही उरत नाही, म्हणजे सासूबाईंवर नाही म्हणायची वेळच येत नाही. जेवणाच्या वेळा चित्रं काढून भिंतीवर लावा.

सुरुवातीला आकांत वाढेल. तेवढे दिवस रजा काढा, तुम्ही नाहीतर त्याच्या बाबांनी. पत्रात ते नुसते ‘उशिरा येतात’.

किल्ली आज रात्रीच काढून घ्या. घेताना मोठीच्या दंडावरचे वण बघा, आणि दुपारी खेळायला जायचं तर कुठे जायचंय, ते तिलाच विचारा.