दोऊ दीझू : जोडीदाराच्या पानावर बॉम्ब टाकण्याआधी

नमस्कार. दोऊ दीझू या तिघांच्या चिनी पत्त्यांच्या खेळात हाती चांगली पाने असूनही शेतकरी झालो की हरतो आणि जोडीदार मित्र नाराज होतात, असे आपण लिहिले आहे. वुहानला वैद्यकीय शिक्षण घेत असताना वसतिगृहात माझेही वर्षभर नेमके हेच होत होते, म्हणून सविस्तर लिहिते. नियम आपल्याला ठाऊक आहेत असे धरून चालते; नवख्या वाचकासाठी एवढेच की, एक ते तीनची बोली लावून एक जण जमीनदार होतो, बाकीचे दोघे शेतकरी मिळून त्याच्याविरुद्ध खेळतात, आणि ज्या बाजूचा हात आधी रिकामा होतो ती बाजू जिंकते. तिर्री सर्वांत लहान; एक्क्याच्या वर दुर्री आणि तिच्या वर दोन जोकर. चार सारखी पाने म्हणजे बॉम्ब : तो जोड्या, सुटी पाने सगळ्यांना मारतो आणि डावाचे गुण दुप्पट करतो.

मला सर्वांत महागात पडलेली चूक आधी सांगते. बोली तीनची होती. जमीनदाराकडे तीन पाने उरली होती आणि माझ्याकडे सहा : चार सत्त्या, एक गुलाम, एक चव्वी. माझ्या जोडीदार मैत्रिणीने एक्क्यांची जोडी टाकली, तेव्हा तिच्या हातात एकच पान राहिले. मी पास म्हणायला हवे होते. पण उतारी आपल्याकडे आली की डाव आपलाच, असे वाटून मी सत्त्यांचा बॉम्ब टाकला आणि गुलामाची उतारी केली. जमीनदाराने त्यावर मोठा जोकर ठेवला आणि दश्श्यांची जोडी टाकून तो सुटला. मैत्रिणीने काही न बोलता आपले शेवटचे पान उलटून दाखवले. ती तिर्री होती. दश्श्या एक्क्यांना मारू शकत नव्हत्या, म्हणजे मी थांबले असते तर पुढच्याच उतारीला ती सुटली असती आणि आम्ही दोघी जिंकलो असतो. शिवाय माझ्याच बॉम्बमुळे गुण तिनाचे सहा झाले होते. गुणांसाठी ठेवलेल्या सूर्यफुलाच्या बिया आम्हा दोघींना सहा-सहा मोजून द्याव्या लागल्या.

मेंढीकोटात समोरचा जोडीदार शेवटपर्यंत तोच असतो, तर इथे प्रत्येक वाटपानंतर जोडी बदलू शकते आणि त्यामुळे आपण नकळत एकट्यासाठी खेळू लागतो, असे माझे मत आहे. म्हणून पान टाकण्याआधी मी आता बसण्याची जागा पाहते. खेळ उजवीकडे सरकतो, त्यामुळे जमीनदाराच्या डावीकडचा शेतकरी त्याच्या लगेच आधी खेळतो. त्याचे काम अडवण्याचे आहे : जोडीदाराने पंजी किंवा छक्की टाकली, तर त्याने त्यावर राणी-राजा चढवावा, म्हणजे जमीनदाराला आपली किरकोळ पाने स्वस्तात खपवता येत नाहीत. या जागेवर राजा स्वतःसाठी राखून ठेवणे मला चूक वाटते. उजवीकडच्याने मात्र स्वतःची लहान पाने काढत सुटण्याकडे लक्ष द्यावे. जमीनदाराकडे एकच पान उरले असेल, तर उतारीला जोडी टाकावी. सुटे पान टाकावेच लागले, तर डावीकडच्याने हातातले सर्वांत मोठे पान त्यावर ठेवावे, मग ते जोडीदाराच्या पानावर का असेना.

बोलीबद्दल एवढेच सांगेन की, एक्के-दुर्र्या मोजून जमीनदार होऊ नये, तर कशातच न बसणारी सुटी लहान पाने किती आहेत ते मोजावे. माझ्या हिशेबाने तीनपेक्षा जास्त असतील तर बोली सोडावी. अर्थात हा माझ्या गटातला अनुभव आहे, आणि चार सारख्या पानांसोबत दोन पाने टाकण्यासारखे नियम प्रत्येक गटात वेगळे असतात, तेव्हा ते वाटपाआधीच ठरवून घ्यावेत.

सगळी चोपन्न पाने लक्षात ठेवण्याच्या नादी लागू नका. दोन जोकर आणि चार दुर्र्या, एवढी सहाच पाने आधी मोजायला शिका, आणि जमीनदाराने उचललेली तीन उघडी पाने विसरू नका, कारण त्याच्या हातातली तेवढीच पाने तुम्हाला खात्रीने माहीत असतात.